टाकीतले चार भ्रूण आणि मुलाची ‘स्टेम सेल थेरपी’: आधी पैसे कोण कोणाला देतो ते बघा

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: “मुलगा सात वर्षांचा. आयव्हीएफने राहिला, सातव्या महिन्यातच झाला. सेरेब्रल पाल्सी आहे (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचाल अडते). धरून उभा राहतो, चालत नाही. महाराष्ट्रातल्या एका शहरातलं केंद्र म्हणतं, त्याच्याच कमरेच्या हाडातून बोनमॅरो काढू, त्यातल्या स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) पाठीच्या मणक्यात सोडू. तीन वेळा करायचं, साडेसात लाख. घरात जमीन विकायचं बोलणं चाललंय. आमचे चार भ्रूण अजून बेळगावच्या दवाखान्यात गोठवून ठेवलेत. केंद्रातला माणूस म्हणाला, त्यातूनसुद्धा मुलासाठी पेशी तयार करता येतील. इकडे दवाखाना विचारतो, पुढच्या वर्षाचे पैसे भरणार की संशोधनाला देणार? जाऊबाई गरोदर आहेत, त्यांना नाळेचं रक्त साठवा म्हणून मागे लागलेत, ते पुतण्याच्या कामी येईल म्हणे. काय करावं?”

ताई, उत्तर आधी देते, म्हणजे जमिनीचा व्यवहार आजच थांबेल. साडेसात लाख भरून ही थेरपी करू नका. भ्रूणांतून मुलासाठी पेशी काढून देणं भारतात कुणालाच करता येत नाही, तो विषय डोक्यातून काढून टाका. भ्रूणांचं काय करायचं हे तुम्ही नवरा-बायकोने ठरवायचं आहे आणि त्याला घाई नाही. नाळेचं नंतर बोलू.

मी बेळगावात वंध्यत्वाची प्रॅक्टिस करते आणि एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवरही (माणसांवरचे प्रयोग नीतीला धरून आहेत का ते तपासणारी समिती) बसते. त्यामुळे भ्रूण रोज हाताखालून जातात आणि स्टेम सेलच्या प्रस्तावांचे गठ्ठेही वाचावे लागतात. कायदे, नियम, मार्गदर्शक सूचना पुष्कळ आहेत, पण घरच्या माणसाने धरून ठेवायचं सूत्र एकच आहे: पैसे कोण कोणाला देतो? मान्यता मिळालेला उपचार असेल तर पेशंटने पैसे द्यायचे आणि डॉक्टरने मान्यतेचा कागद दाखवायचा. प्रयोग असेल तर खर्च प्रयोग करणाऱ्याचा, पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. आणि भ्रूण असेल तर त्याची किंमत कुणी कुणाला द्यायचीच नाही. प्रयोगही आहे आणि बिलही आहे, असं दिसलं की तिथून उठायचं.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत नेमकं हेच आहे. पहिल्या पानावर एस्टिमेट: ‘सेल थेरपी पॅकेज, तीन सेशन’, खाली रक्कम आणि एकरकमी भरल्यास सूट. दुसऱ्या पानावर मुलांचे आधीचे आणि नंतरचे फोटो. तिसरं पान संमतीपत्राचं, सगळं इंग्रजीत. त्यात मधेच एका कलमात लिहिलंय की ही प्रक्रिया ‘इन्व्हेस्टिगेशनल’ आहे, म्हणजे अजून तपासणीच्या अवस्थेत आहे, आणि गुण येण्याची हमी नाही. पहिल्या पानावर जो उपचार आहे तो तिसऱ्या पानावर प्रयोग झाला, आणि तुमच्या मिस्टरांची सही हवीय ती तिसऱ्या पानावर.

तुम्ही लिहिलंय, तिथले लोक मराठीत बोलले म्हणून बरं वाटलं. वाटणारच. आपल्या भागात सरकारी कागद कन्नडात येतो, हॉस्पिटलचा इंग्रजीत, आणि मराठीत मिळतं ते तोंडी आश्वासन. ते कोर्टात उभं राहत नाही. औषधांच्या चाचण्यांचे नियम स्पष्ट सांगतात की सहभागी होणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत माहिती आणि संमतीपत्र मिळालं पाहिजे. तेव्हा कुठलीही खरी ट्रायल असेल तर मराठीतला लेखी कागद मागा. खरे लोक तो देतात, त्याशिवाय आमच्यासारख्या कमिट्या त्यांची फाईल पुढे सरकवत नाहीत.

आता नियम काय म्हणतात ते सांगते. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टेम सेल संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१७ सालची आहेत. त्याआधी २००७ आणि २०१३ ची होती. त्यांचं सार असं: रक्ताच्या आणि रक्तपेशींशी निगडित आजारांसाठी बोनमॅरो प्रत्यारोपण हा मान्य उपचार. थॅलेसेमिया, ल्युकेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया, काही जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार वगैरे. भारतात हे १९८३ पासून होतंय, पहिलं मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात झालं. त्याबाहेर पेशंटच्या शरीरात स्टेम सेल घालायच्या तर ते फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्ये. ट्रायलच्या बाहेर उपचार म्हणून विकणं याला त्या तत्त्वांनी अनैतिक आणि गैरव्यवहारच म्हटलं आहे. कुठल्या आजारात किती पुरावा आहे याचा आढावाही आयसीएमआरने २०२१ मध्ये काढला. सेरेब्रल पाल्सी मान्य यादीत नाही. ऑटिझमबद्दल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या एथिक्स बोर्डाने २०२२ मध्ये वेगळं सांगितलं की त्यासाठी स्टेम सेलची शिफारस नाही आणि तसा प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे.

मग हे केंद्र चालतं कसं? एका फटीतून. २०१९ च्या नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियमांत स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन हे ‘नवीन औषध’ धरलं आहे, म्हणजे दिल्लीच्या औषध महानियंत्रकाची परवानगी आली. पण व्याख्येत शब्द आहेत ‘किमानपेक्षा जास्त प्रक्रिया’ केलेल्या पेशी. प्रयोगशाळेत वाढवल्या, एन्झाइम घालून वेगळ्या काढल्या, जनुकं बदलली, तर त्या औषध झाल्या. केंद्रवाले म्हणतात, आम्ही काय केलं? मुलाचाच मॅरो काढला, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला, वरचा थर घेतला आणि त्याच दिवशी परत दिला. हे औषध नाही, ही साधी प्रोसिजर आहे. ऐकायला चोख वाटतं. पण आयसीएमआर दुसरा प्रश्नही विचारते: पेशी जिथून काढल्या तिथलंच काम करायला परत घातल्या का? मॅरोतल्या पेशी मॅरोचं काम करायला दिल्या तर एक गोष्ट. त्याच पाठीच्या कण्याभोवतीच्या पाण्यात सोडून ‘मेंदू दुरुस्त होईल’ म्हणणं ही पूर्ण वेगळी गोष्ट, आणि तो प्रयोगच. पेशी स्वतःच्या असल्या तरी त्याला संस्थेची स्टेम सेल समिती लागते, एथिक्स कमिटी लागते. ‘तुमच्याच पेशी आहेत, त्याला कसला साइड इफेक्ट’ हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकवलं असेल. पेशी स्वतःच्या आहेत, पण जागा त्यांची नाही.

नुकसान होत नाही असंही नाही. फ्लोरिडात २०१५ मध्ये तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी सोडल्या. तिघींची नजर गेली. त्यांनीही पैसे भरले होते, आणि काही तरी अभ्यास चाललाय असं त्यांना वाटत होतं. इस्रायलच्या एका मुलाला मॉस्कोत मेंदूत आणि पाठीच्या पाण्यात गर्भाच्या चेतापेशी सोडल्या होत्या. काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि कण्यात गाठी निघाल्या, आणि तपासल्यावर त्या दात्याच्या पेशींच्या ठरल्या. तुमच्या मुलाला जे सुचवलंय त्यात गाठीचा धोका त्या मानाने कमी आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. तिथे धोका आहे तो भुलीचा, जंतुसंसर्गाचा, डोकेदुखीचा आणि तीन वेळा कमरेचं हाड टोचण्याचा. आणि साडेसात लाखांचा.

फोटोंचं काय, असं तुम्ही विचाराल. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही, पण मूल वाढत असतं. वयाबरोबर, व्यायामाने ते काही ना काही शिकतच असतं. अशा केंद्रांत पेशी दिल्यावर पहिले काही आठवडे रोज दोन-दोन तास फिजिओथेरपी घेतात. मग महिन्याने मूल जरा ताठ बसलं तर श्रेय कुणाचं? म्हणून तर ट्रायलमध्ये दोन गट लागतात, दोघांना सारखीच फिजिओ, एकालाच पेशी. परदेशात नाळेच्या रक्तावर असे अभ्यास झालेत, काहींत हालचालींत थोडा फरक दिसला, पण चालायला लावील असा उपचार त्यातून अजून निघालेला नाही. मॅरोतल्या बहुतेक पेशी रक्त तयार करणाऱ्या असतात. त्यांच्यापासून मेंदूचे तंतू बनतात असं कुणी दाखवलेलं नाही.

कुणी तुम्हाला सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नंबर दाखवला तर दबकून जाऊ नका. भारतात ट्रायलची आधी नोंद करणं २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती यादी कुणालाही इंटरनेटवर बघता येते. पण नोंद म्हणजे मंजुरी नव्हे. नंबर टाकून बघा: ट्रायल कोणत्या आजाराची आहे, कोणत्या वयाची मुलं घेतायत, अजून चालू आहे की संपली, खर्च कोण करतंय, एथिक्स कमिटी कुठली. गुडघ्याच्या ट्रायलचा नंबर दाखवून मेंदूची ट्रीटमेंट विकणारेही असतात. (बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची संस्था आहे, तिथे जाऊन विचारू का, असं पेशंट मला विचारतात. ती पारंपरिक औषधांवर काम करते. स्टेम सेलचे परवाने तिथे मिळत नाहीत.)

सगळंच खोटं आहे असा अर्थ काढू नका. मान्यता मिळालेली उदाहरणं आहेत, आणि त्यातलं एक तर आपल्याच भागाशी जोडलेलं आहे. निपाणी म्हणजे तंबाखू, आणि तंबाखू म्हटली की विडी. चाळिशीच्या आतला गडी, पायाच्या बोटाला काळं पडलेलं, रात्रभर पाय खाली सोडून बसतो कारण आडवं झालं की ठणका सहन होत नाही: बर्जर्स डिसीज. तंबाखूनेच पायाच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. या आजारात पायाला रक्त न पोचण्याच्या गंभीर अवस्थेसाठी बंगळूरच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीच्या ‘स्टेम्प्युसेल’ या उत्पादनाला औषध महानियंत्रकांनी २०१६ मध्ये मर्यादित मंजुरी दिली आणि पुढे ती वाढवली. निरोगी दात्यांच्या मॅरोतल्या पेशी वाढवून पोटरीच्या स्नायूंत आणि जखमेभोवती टोचतात. त्याआधी वर्षानुवर्षं ट्रायल झाल्या. आज ते घेणारा पेशंट पैसे देतो आणि ते रीतसर आहे, कारण बाटलीवर बॅच नंबर आहे, परवाना आहे, कुठल्या आजारासाठी ते लिहिलेलं आहे. त्या बाटलीतलं औषध सेरेब्रल पाल्सीला दिलं तर मात्र पुन्हा ते मंजुरीबाहेर. आणि विडी सोडली नाही तर त्या पेशीही काही करू शकत नाहीत, हे निपाणीकरांना मी नेहमी सांगते, ते हसतात.

आता भ्रूण. इथे मला जास्त बोलायचंय, कारण भ्रूणाबद्दल आपल्याकडे बाळापेक्षाही कमी माहिती दिली जाते.

तुमचे चार भ्रूण कुठे आहेत? एका मोठ्या स्टीलच्या टाकीत, द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला. प्रत्येक भ्रूण एका बारीक प्लॅस्टिक पट्टीच्या टोकावर, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही इतका, पाचव्या दिवसाचा असला तर मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. पट्टीवर तुमचं नाव, नंबर, तारीख. नायट्रोजन सतत उडून जात असतो, म्हणून लॅबमधली मुलगी टाकीत मोजपट्टी बुडवून बाहेर काढते, तिच्यावर जिथपर्यंत दव धरतं ती पातळी वहीत लिहिते आणि कमी असेल तर भरून घेते. दरवर्षीचे पैसे जातात ते यासाठी. ते मागण्यात गैर नाही. पण ‘पैसे नाहीत तर संशोधनाला द्या’ असा पर्याय समोर ठेवणं मला पटत नाही. पैशाच्या अडचणीतून घेतलेली संमती ही मोकळी संमती नव्हे, आणि दवाखान्याने ते वाक्य नकळत म्हटलं असेल तरी तुम्ही ते तसं घेऊ नका.

कायदा आहे २०२१ चा, सहायक पुनरुत्पादन तंत्रज्ञान नियमन कायदा. जानेवारी २०२२ पासून लागू. त्याच्या कलम २८ प्रमाणे भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा तुमच्या संमतीने या कायद्याखाली नोंदलेल्या संशोधन संस्थेला द्यायचे. तुमच्या भ्रूणांना आठवं वर्ष चालू असेल. म्हणजे वेळ आहे, पण अमर्याद नाही. गोठवल्याची नेमकी तारीख दवाखान्याकडून लिहून घ्या. सुरुवातीला सही केलेल्या संमतीपत्राची प्रतही मागा. भ्रूण गोठवतानाच्या फॉर्ममध्ये दोघांपैकी एकाचं काही झालं तर भ्रूणांचं काय करायचं हेही लिहून घेतात, आणि बहुतेक जोडप्यांना आपण तिथे कुठल्या चौकटीत खूण केली ते आठवत नाही. ते बदलायचं असेल तर दोघांनी लेखी कळवा.

विक्रीचा प्रश्नच नाही. भ्रूण, बीज, त्याचा कुठलाही भाग विकणं, देशात किंवा बाहेर पाठवणं या कायद्याने बंद आहे. स्वतःच्या वापरासाठी हलवायचे तरी राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीचा मुद्दा येतो. मोडणाऱ्या दवाखान्याला पहिल्या वेळी पाच ते दहा लाख दंड, पुन्हा केलं तर तीन ते आठ वर्षं कैद आणि वर दंड. म्हणून केंद्रातल्या त्या माणसाने ‘भ्रूण आमच्याकडे आणा’ असं म्हटलं असेल तर त्याने तुमच्यासकट दोन दवाखाने गोत्यात आणायचा सल्ला दिलाय.

आणि वैद्यकीयदृष्ट्याही ते चूकच. तुमच्या टाकीतला भ्रूण म्हणजे तुमचा मुलगा नव्हे. तो त्याचा भाऊ किंवा बहीण झाला असता. त्याच्या पेशी मुलाच्या शरीराला परक्याच. सख्ख्या भावंडांत ऊतींचा पूर्ण मेळ बसण्याची शक्यता चारात एक. भ्रूणापासून स्टेम सेल काढतात त्या पाचव्या दिवशी आतल्या पेशींच्या गोळ्यातून, आणि त्यात भ्रूण राहत नाही. माणसाच्या अशा पेशी पहिल्यांदा १९९८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला वेगळ्या केल्या. त्यांची ताकद म्हणजे त्या कशाच्याही पेशी होऊ शकतात, आणि धोकाही तोच: तशाच शरीरात घातल्या तर केस, दात, हाड असं सगळं असलेली गाठ होऊ शकते. थॅलेसेमियाच्या मुलासाठी मेळ बसणारा भ्रूण निवडून भावंड जन्माला घालणं आणि त्याच्या मॅरोने मोठ्या मुलाला वाचवणं हे गुजरातेत झालेलं आहे. पण तो रक्ताचा आजार. सेरेब्रल पाल्सीत त्याचा उपयोग नाही.

मग संशोधनाला दिलेल्या भ्रूणांचं होतं काय? लोकांच्या मनात भलतंच असतं: कुणी तरी त्यातून बाळ वाढवेल, दुसऱ्या बाईला देईल. संशोधनाला दिलेला भ्रूण गर्भाशयात सोडता येत नाही. चौदा दिवसांपलीकडे, किंवा शरीराचा अक्ष ठरवणारी पहिली रेघ उमटेपर्यंत, यातलं जे आधी येईल त्यापुढे तो वाढवायला भारतात बंदी आहे. माणसाचं क्लोनिंग बंद, पुढच्या पिढीत उतरेल असा जनुकबदल बंद. चीनमध्ये २०१८ मध्ये एका शास्त्रज्ञाने भ्रूणाची जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या, तो पुढे तुरुंगात गेला. आपल्याकडे ते आधीपासूनच निषिद्ध यादीत होतं. जे होतं ते बहुतेक वेळा असं: गर्भधारणेला अयोग्य ठरलेल्या किंवा शिल्लक भ्रूणांतून पेशींची एक ओळ तयार करतात आणि ती वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढवत अभ्यास करतात. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरने अशा टाकून द्यायच्या भ्रूणांतूनच ओळी बनवल्या, मुंबईच्या परळच्या आयसीएमआर संस्थेनेही बनवल्या. आणि २००६ नंतर जपानच्या यामानाका यांच्या पद्धतीने त्वचेच्या किंवा रक्ताच्या साध्या पेशीलाच मागे नेऊन तशी बनवता येते, त्यामुळे भ्रूणांची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. हे सांगते ते अशासाठी की ‘तुमच्या भ्रूणांशिवाय विज्ञान अडलंय’ असा दबाव कुणी आणू नये.

तरीही द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, मी स्वतः त्याच्या बाजूची आहे. फक्त फॉर्मवर नुसतं ‘संशोधनासाठी’ लिहिलेलं असेल तर सही करू नका. कुठली संस्था, तिचा नोंदणी क्रमांक, कुठला प्रकल्प, कुठल्या एथिक्स कमिटीने मंजूर केला, पेशींची ओळ तयार होणार का, तुमचं नाव कसं झाकलं जाणार, आणि मन बदललं तर कुठपर्यंत परत घेता येईल. दोघांच्या सह्या लागतात. त्यातून उद्या औषध निघालं तरी तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, हेही त्यात असायला हवं. आणि उत्तरं न देता ‘सगळे देतात हो’ म्हणाले, तर मग नष्ट होऊ देण्याच्या चौकटीत खूण करायला अजिबात संकोच करू नका.

एक पर्याय तुम्ही लिहिलाच नाही: दुसरं मूल. तुमचं वय चौतीस, कायद्याची मर्यादा पन्नास. भ्रूण तुमचेच आहेत. तसं ठरवलंत तर एकाच वेळी एकच भ्रूण सोडायचा आग्रह धरा. जुळं राहिलं की दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची भीती वाढते, आणि तुमच्या मुलाच्या मेंदूला इजा झाली ती सातव्या महिन्यातल्या जन्मानेच. पहिल्या वेळी लवकर कळा का आल्या याची तपासणी आधी करून घ्या. आणि भ्रूणाचं लिंग बघून देतो असं कुठे कुणी कुजबुजलं, तर त्या दवाखान्यात पुन्हा पाऊल टाकू नका. त्याला गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखालीही शिक्षा आहे आणि या नव्या कायद्याखाली तर पाच ते दहा वर्षांची कैद होऊ शकते.

जाऊबाईंच्या नाळेचं लवकर सांगते. नाळेतलं रक्त साठवायला परवाना लागतो आणि परवाना असलेल्या बँका आहेत. पण नाळेचा तुकडा, वार, दाताचा गर, चरबी, मासिक पाळीचं रक्त यांची व्यापारी साठवण करायला परवानगी नाही, पॅकेजमध्ये ते जोडून देत असले तरी. बाळाला जन्मजात रक्ताचा आजार निघाला तर त्याच्याच नाळेतही तोच दोष असतो, म्हणून स्वतःसाठी साठवण्याचा उपयोग फार थोड्या वेळा होतो. घरात थॅलेसेमियाचं भावंड असेल तर साठवण्यात अर्थ आहे. चुलत भावाच्या सेरेब्रल पाल्सीसाठी नाही. तो पैसा बाळंतपणाला राहू दे.

मुलासाठी काय करायचं, ते मला आधीच लिहायला हवं होतं, पण तुम्ही ते विचारलं नाहीत. कमरेच्या सांध्याचा एक्स-रे शेवटी कधी काढला? सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा खुबा हळूहळू निसटतो आणि दुखेपर्यंत कळत नाही. वर्षा-सहा महिन्यांनी बघायला हवा. ताठ स्नायूंसाठी बोट्युलिनम इंजेक्शन, पायाला स्प्लिंट, गरज असेल तर शस्त्रक्रिया, हे सगळं मान्य आणि सिद्ध आहे, यातलं काही राहिलंय का ते बालरोग न्यूरॉलॉजिस्टकडे आणि ऑर्थोपेडिककडे विचारा. जिल्हा पातळीवर सरकारचं लवकर निदान व उपचार केंद्र असतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तिथे मोफत तपासणी आणि थेरपी होते. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) नसेल तर काढा. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात नियमित थेरपीचा खर्चही बसतो. खानापुरातल्या किती घरांना हे माहीत आहे कोण जाणे. साडेसात लाखांची जाहिरात मात्र पोचते.

राहिलं तक्रारीचं. तुम्ही टोकन म्हणून काही रक्कम भरल्याचं लिहिलंय. आपल्याकडचा माणूस दवाखान्यासाठी कोल्हापूर, मिरज, पुणे सहज गाठतो, पण तक्रार सीमा ओलांडताना अडकते. कर्नाटकातल्या खासगी दवाखान्याविरुद्ध केपीएमई (कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना) कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती आहे, डीसी ऑफिसला अर्ज देता येतो. आयव्हीएफ दवाखान्याबद्दल राज्याच्या सक्षम प्राधिकरणाकडे जाता येतं. महाराष्ट्रातल्या केंद्रावर यांचा अधिकार चालत नाही. तिथल्या डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, मुंबईला लिहावं लागतं.

ग्राहक कायद्याचं मात्र तसं नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो, म्हणजे केंद्र कुठेही असो, तुम्ही बेळगावात लावू शकता. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं. आधी केंद्राला रजिस्टर पोस्टाने एक पत्र पाठवा: ट्रायल असेल तर सीटीआरआय नंबर, स्टेम सेल समिती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी द्या, नाहीतर टोकन परत करा. उत्तराला पंधरा दिवस द्या. एस्टिमेट, पावती, ते इंग्रजी संमतीपत्र आणि व्हॉट्सअॅपवरचे सगळे मेसेज, व्हॉइस नोटसुद्धा, काही डिलीट करू नका. मणक्यात पेशी सोडल्यावर ‘सहा महिन्यांत चालेल’ असं त्या माणसाने मराठीत म्हटल्याची जी व्हॉइस नोट तुम्ही पाठवलीत, तिचा या कागदांपेक्षा जास्त उपयोग होईल.